मंडईच्या गावातली बेपत्ता आजी

नोकरीत किती गुन्हे उकलले ते आता नीट सांगता येणार नाही, पण मोहर्लीच्या त्या बेपत्ता आजींचा दिवस प्रत्येक तासासकट आठवतो. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक मला एकच विचारतात, "साहेब, तुम्ही चंद्रपूर-गडचिरोलीत इतकी वर्षं काढली, तिकडं राहायचं कुठं आणि बघायचं काय?" वाघ, देवळं, सागवानाचं जंगल असं सगळं मी सांगतो. आणि मग न राहवून हा किस्सा सांगतो.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. धान कापणीला आलं होतं, ताडोब्याच्या फाटकांवर जिप्सींच्या रांगा लागल्या होत्या. जंगलालगतच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. त्या दिवसांत आमच्याकडं तक्रारी यायच्या त्या कॅमेरा हरवला, माकडानं पर्स पळवली अशा. त्यामुळं सकाळी अकराला एक चाळिशीचा गृहस्थ धापा टाकत आत शिरला तेव्हा मी आधी माकडाचाच विचार केला.

"साहेब, माझी आई नाही सापडत."

पुण्याकडचं कुटुंब. मोहर्लीतल्या एका होमस्टेत दोन दिवसांपासून मुक्कामाला होतं. आई सत्तरीच्या. आदल्या दिवशीच्या सफारीत हाडं खिळखिळी झाली म्हणून त्या दिवशी त्या खोलीवरच थांबल्या. बाकीचे पहाटे साडेपाचला जंगलात गेले, साडेदहाला परत आले, तर खोली रिकामी. मोबाइल चार्जिंगला लावलेला. मधुमेहाचं दुपारचं इंजेक्शन टेबलावर तसंच.

मुलानं खिशातून सहलीचा कागद काढला. काय तयारी होती त्या माणसाची! मोहर्ली, मग भद्रावतीची लेणी, चंद्रपूरचा किल्ला, मार्कंडा, आलापल्लीचं जंगल, कमलापूरचे हत्ती आणि शेवटी सिरोंचा. कुठं किती वाजता पोचायचं तेही लिहिलेलं. त्यात आईनं बेपत्ता होण्याला जागाच नव्हती.

मिसिंगची नोंद घेऊन मी निघालो. होमस्टेच्या मागं नाला आणि नाल्यापलीकडं जंगल. वनरक्षकांनी वाळूत वाघाचे ताजे ठसे दाखवले तेव्हा सूनबाई आईंना हाका मारत सुटल्या. मी वाकून वाळू तपासली. पण ठशांजवळ चपलेची खूण नव्हती, झटापटीचं काही नव्हतं. मालकाला विचारलं, कामाला कोण कोण आहे? तो म्हणाला, "मी, माझी बायको आन् एक स्वयंपाकीण. ते तं कालपासून सुट्टीवर हाये, माहेरी गेली." काल गेलेल्या बाईचा आजच्या घटनेशी काय संबंध, म्हणून मी ते नाव खोडलं. ही माझी पहिली चूक.

आजींचा फोटो आम्ही एसटीचे वाहक, रेल्वे स्टेशन, टॅक्सीवाले अशा सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. पाऊण तासात पहिली खबर आली. सकाळच्या एसटीच्या वाहकानं त्यांना चंद्रपुरात उतरवलं होतं आणि त्यांनी चांदा फोर्ट स्टेशनचा रस्ता विचारला होता. म्हणजे वाघाचा प्रश्न मिटला! आजी स्वतःच्या पायानं निघाल्या होत्या. थोड्या वेळानं नागभीडहून फोन आला. तिथल्या काळीपिवळी टॅक्सीच्या एका चालकानं फोटो ओळखला होता. या बाईंना स्टेशनवरून घेतलं आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावात सोडलं, असं तो म्हणत होता.

मी जीप काढली. सोबत आईचं इंजेक्शन घेऊन मुलगा आणि आमची महिला हवालदार. ती नागभीडकडच्याच धानपट्ट्यातली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. रस्त्यात मूल गाव येईपर्यंत आमचा आनंद टिकला. तिथं पुन्हा नागभीडहून फोन आला. चालकानं सांगितलेल्या गावच्या पोलीस पाटलानं साफ कळवलं होतं की आपल्या गावात कोणी अनोळखी बाई आलेली नाही.

मुलाचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, आईच्या हातात सोन्याच्या बांगड्या आहेत," तो म्हणाला. तिघांच्याही मनात तो चालकच होता.

नागभीडच्या ठाण्यात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. इंजेक्शनची वेळ टळली होती. तिथल्या पोलिसांनी थांबवून ठेवलेला चालक बाकावर बसून होता, पन्नाशीचा, काटकुळा. समोरचा चहा गार झाला होता.

"कुठं उतरवलंस?"

"चौकात, पिंपराच्या झाडाखाली जी."

"पाहिलं कोणी?"

"साऱ्या गावानं पाह्यलन."

"गाव तर म्हणतं, कोणी आलंच नाही!"

"मंग गाव काऊन असं म्हणून राह्यलं, मले काय मालूम साहेब?" तो बाकावरून उठला. "आई म्हणलो जी मी तिले."

मी टेबलावर हात आपटला. बांगड्यांचं विचारलं, गाडीची झडती घ्यायला लावली, परवाना जाईल म्हणून दम भरला. हात उगारला नाही, पण जिभेनं जे करता येतं ते सगळं केलं. गाडीत काही निघालं नाही. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

शेवटी मी नेहमीचा उपाय केला. सगळं पहिल्यापासून, गाडीत बसल्या क्षणापासून सांग, काही गाळू नकोस. खोटं बोलणारा दुसऱ्यांदा सांगताना थोडक्यात उरकतो. हा मात्र जास्तच सांगू लागला. "स्टेशनवून निघालो, तं ते म्हणे, रिकाम्या हातानं कशी जाऊ? म्हणून बजारात गाडी थांबवलो. बत्तासे घेतलन, पोरांसाठी फुगे घेतलन. मी म्हणलो, आई, मंडईत सारं भेटते. तं म्हणे, नाई, पहिल्यांदाच चालली न मी."

कोपऱ्यात उभी असलेली आमची हवालदार एकदम पुढं आली. "त्या गावची मंडई आज हाये का?"

"आजच तं हाये बाई."

आणि ही बाई भर ठाण्यात हसायला लागली! मला राग आवरेना. ती म्हणाली, "साहेब, तुमी पाटलाले का विचारायला लावलं? अनोळखी बाई आली का म्हणून न? मंडईच्या दिवशी गावात अनोळखी कोण असते? जो येईल तो पाहुणा. कोणाचा, कुठला, कोणी विचारत नाई. पाहुणी विचारा, साहेब, पाहुणी!"

वाचकांसाठी सांगतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. घरोघरी इतके पाहुणे उतरतात की यजमानालाही सगळे ओळखता येत नाहीत, आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. मी तीन वर्षं तिथं ठाणेदार होतो. मंडईला बंदोबस्त लावला होता, पण कोणाच्या घरी पाहुणा म्हणून कधी गेलो नव्हतो.

पाटलाला फोन लावला. मागं ढोलकी वाजत होती. मी ओरडून विचारलं, "पाटील, पुण्याकडची एक म्हातारी पाहुणी कोणाकडं आहे का?"

"मंग असं विचारा न साहेब!" पाटील तिकडून ओरडला. "हाये न! शारेच्या मागच्या घरी हाये. नाटकाले समोरची जागा ठेवली तिची!"

मी त्या चालकाचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली. मुलानं तर त्याला मिठीच मारली. तो बिचारा एवढंच म्हणाला, "चला जी, मीच नेतो तुमाले. रस्ता खराब हाये." आमची जीप तिथंच ठेवून आम्ही त्याच्या काळीपिवळीतून गेलो. असा आनंद मला एकाही आरोपीला बेड्या घालताना झालेला नाही.

गावात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, चौकात दंडार रंगात आलेली. शाळेमागच्या अंगणात खाटेवर आजी बसल्या होत्या, मांडीवर कोणाचं तरी लेकरू, समोर शिंगाड्यांची टोपली. शेजारी मोहर्लीच्या होमस्टेतली ती स्वयंपाकीण! मी नाव खोडलेली. "जाताना म्हणलं होतं न, आमच्या मंडईले या आई," ती म्हणाली. "मंग आल्या." तिकडं असं 'या' सगळ्यांनाच म्हणतात. आजींनी ते खरं मानलं, एवढंच.

मुलानं इंजेक्शन दिलं. आजी म्हणाल्या, "गोड खाल्लं नाही रे, बत्तासे पोरांना वाटले."

"आई, सांगून तरी जायचंस!"

"सांगितलं. पहाटे तू कॅमेऱ्याचं भिंग पुसत होतास. म्हटलं, मी मंडईला जाऊन येते. तू म्हणालास, बरं."

तो आईच्या पायाशी बसून शिंगाडे सोलायला लागला. मार्कंडा, आलापल्ली, सगळा कागद एक दिवस पुढं सरकला. मोहर्लीला राहिलेली मंडळीही संध्याकाळी तिथंच आली.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. लोक खोटं बोलत नव्हते. पाटील खरं सांगत होता, चालक खरं सांगत होता, आणि मी दोघांपैकी एकाला खोटं ठरवायच्या मागं होतो. पुढच्या सगळ्या नोकरीत जबाब जुळेनासे झाले की मी आधी माझा प्रश्न तपासायचो, मग माणूस.

प्रकरण बंद करायला आजींचा जबाब घेणं भाग होतं. कागद मांडीवर ठेवून मी विचारलं, "कशा हरवलात ते सांगा."

"हरवले कुठं?" त्या म्हणाल्या. "इथं आल्यापासून दहा जणांनी विचारलं, घरी कोण कोण असतं, मुक्काम करणार ना. लिहा, मला बोलावलं होतं, म्हणून आले."

मी तसंच लिहिलं आणि त्यांची सही घेतली.