तिथले दहा

दुबईहून मुंबईला विमानाने तीन तास लागतात. मुंबईच्या विमानतळावरून आमच्या किनाऱ्यावरच्या नवापूरला गाडीने यायलाही तीनच. बाप गेला त्या संध्याकाळी हा हिशेब मी अख्ख्या आळीला ऐकवला आणि दुसऱ्या दिवशी त्याच हिशेबापायी सख्ख्या काकाचं मनगट मोडलं.

आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. सहा वर्षांपूर्वी जाळं फाटलं म्हणून बापाने दादाला वल्ह्याने बडवलं. दादाने उलटून एकच ठोसा दिला आणि बापाचा पुढचा दात ओटीवर पडला. त्याच महिन्यात दादाने दुबई गाठली. दोघं पुन्हा बोलले नाहीत. बाप गेल्याचं कळवलं तेव्हा दादा फोनवर एवढंच म्हणाला, "मी येतो. मी पाय धरल्याबिगर उचलू नका. उद्या सकाळी दहाचं विमान हाय, हितल्या दहाचं."

'हितल्या' हा शब्द मी ऐकला आणि सोडून दिला. दहाला निघाला की एकला मुंबईत, चारला दारात. आमचं मसण खाडीपल्याड. तिकडची वाट भरतीला बुडते आणि त्या दिवशी ती पाचला बुडणार होती. बापाला पापलेटच्या बर्फावर ठेवलं होतं. बर्फ वितळून पाणी अंगणात आलं होतं.

चार वाजले, साडेचार झाले. दादाचा तिकडचा फोन इकडे लागेना. काकाने तिरडीला हात घातला.

"काका, हात काढ," मी म्हणालो.

"पानी कोनासाठी थांबत नाय, पोरा."

त्याचं खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. भिंतीला बापाचंच वल्हं टेकलेलं होतं. ते मी काकाच्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग चुलतभाऊ माझ्यावर तुटून पडले. मी एकाच्या कानाचा लचका तोडला, त्यांनी माझ्या बरगड्या लाथांनी मोकळ्या केल्या. दंड पिरगाळून मला मसणात नेलं आणि माझ्या मुठीवर मूठ दाबून बापाला अग्नी द्यायला लावला. परतताना पाणी कमरेला लागलं.

दादा साडेसहाला आला. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, तिथले दहा म्हणजे आपले साडेअकरा; वर मुंबईच्या विमानतळावर त्याचा तासभर मोडला. दर बंदराची भरती वेगळ्या वेळेला लागते, हे बापाने मला मारून मारून शिकवलं होतं. घड्याळाचंही तसंच असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

पलीकडचा धूर बघून दादा भरल्या खाडीत घुसला. मी त्याला कमरेला धरून मागे ओढलं आणि माझी चूक सांगितली. त्याने मला चिखलात पाडून तोंडावर ठोसे घातले. पुन्हा मूठ उगारली तेव्हा मी म्हणालो, "मार दादा. मारायला आता मीच उरलोय."

दादाची मूठ तशीच राहिली. मग तो तिथेच चिखलात बसला आणि स्वतःच्या मुठीकडे बघत ढसाढसा रडू लागला. कोणी जवळ जाईना. शेवटी काका आला. उजवा हात सुजून गळ्यात बांधलेला होता, डाव्या हाताने त्याने आधी दादाला उठवलं, मग मला.