कुंचला पुसायचा कापूस

ज्या वर्षी अमरावतीत कापसाच्या गादीवर झोपणं मूर्खपणाचं ठरलं, त्या वर्षी भाद्रपदात माझी पत्नी वारली. अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता, आणि आमच्याकडे शहाणी माणसं उशा उसवून बाजाराकडे निघाली होती. तेराव्याला शय्यादान घ्यायला आलेल्या ब्राह्मणाने आधी गादी दोन्ही हातांनी उचलून पाहिली, आणि मगच मंत्र म्हटले. त्या दिवशीइतके स्पष्ट मंत्र मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

तिने लाखवातींचं व्रत धरलं होतं. निम्म्याहून अधिक वाती वळून झाल्या होत्या. उरलेल्यांपुरता कापूस तिने स्वतः सरकी काढून, बोटांनी उकलून, धुतलेल्या फडक्यात बांधून ठेवला होता. अकोल्याहून सासूबाईंनी निरोप पाठवला की कार्तिकात गाठोडं घेऊन या, राहिलेल्या वाती मी वळीन. ते गाठोडं होतं तसं पोचवायचं, एवढं एकच काम माझ्याकडे राहिलं होतं.

त्याच सुमारास एका साहेबाची मडम परकोटाच्या दरवाज्यासमोर छत्री लावून बसली आणि दरवाज्याचं चित्र काढू लागली. आमच्या पेठेतले मोठे शेठ कापसाच्या गाड्या थांबवून तासभर ते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले.

"पंतोजी, तशा पाच पेट्या पायजेत. मले एक, आन् चार आमच्या अडत्यांले. उघड्या रानात बसून चित्र काढाचं म्हन्तो."

मी सरकारी शाळेत नकाशे शिकवत असे. नदी निळी आणि डोंगर तपकिरी रंगवणारा माणूस म्हणून गावाने मला चित्रकार ठरवून टाकलं होतं. नाही म्हणायला बोलावं लागतं, आणि त्या दिवसांत मला बोलणं नको होतं. मी कामाला लागलो.

सुताराकडून खांद्याला अडकवता येतील अशा पाच पेट्या करवून घेतल्या. झाकणावर कागद टाचून तेच मांडीवर घ्यायचं. खारीच्या शेपटीचे केस कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवून कुंचले बांधले. दिव्याची काजळी, गेरू, नीळ आणि हरताळ खलून, बाभळीच्या डिंकात कालवून रंग शिंपल्यांत वाळवले. पाण्याला छोटी लोटी. कुंचला पुसायला मी प्रत्येक पेटीत जुन्या धोतराची चिंधी ठेवली.

शेठनी ती चिमटीत धरून वर उचलली. "हे काय? मडमेच्या पेटीत कापूस होता. आमी काय शिंपी हाओत?"

"मग मूठभर कापूस आपणच द्या," मी म्हणालो. शेठच्या वखारीत गठ्ठ्यांची रास छपराला टेकली होती.

"कापूस?" शेठ दुखावले. "तो आता विलायतेचा झाला, पंतोजी. माह्या सोताच्या गादीत भुसा भरला हे! झोपून पाहा पायजे तं. तुमच्या घरी नाही काय थोडासा?"

होता. मी गाठोडं सोडलं आणि पाच मुठी काढल्या. एवढ्याने काय कमी पडणार, अशी स्वतःची समजूत घातली. ती पटली नव्हती, तरी मी पेट्या बंद केल्या.

पहिला धडा नांदगावच्या वाटेवर, एका पिकल्या शेताच्या बांधावर झाला. पाच पागोटी ओळीने बसली. मी समोरचं बाभळीचं झाड दाखवलं, आधी खोड कसं काढायचं ते सांगितलं, आणि कुंचला भिजवून कापसावर टिपायला सांगितलं. पाचही जणांनी कापूस हातात घेतला, आणि चित्रकला तिथेच संपली.

शेठनी बोळ्यातून धागा ओढून उन्हात धरला. दुसऱ्याने तो अंगठ्यावर मोजला. दोघांनी उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव सांगायला सुरुवात केली. सौदा कशाचा, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

"सरकीचा कन नाही, पानाचा चुरा नाही," बार्शीटाकळीहून आलेला अडत्या म्हणाला. तो परगावचा, त्याला माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. "तीस वर्स कापूस पाहून राहिलो, असा हात पायला नाही. कोनं साफ केला, पंतोजी?"

"माझ्या घरी."

"रोज किती निघते?"

"आता निघत नाही."

"काहून? मजुरी कमी पडते काय?"

शेठनी त्याला कोपराने ढोसलं आणि कानात काही सांगितलं. अडत्याने पागोटं सारखं केलं. "अरेरे," तो म्हणाला, "लई नुकसान झालं."

तो बाजारातला शब्द होता. पण तेरा दिवस लोक येऊन ती किती शांत होती, किती सोशिक होती हेच सांगून गेले होते. तिच्या हातांबद्दल बोलणारा हा पहिलाच.

मी उठलो आणि ओळीने कापूस परत मागून घेतला. चौघांचा कोरडा होता, तो मिळाला. पाचवा, ओळीच्या टोकाला बसलेला, या सौद्यात नव्हताच; माझंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. त्याने बाभळीचं झाड काढलं होतं, आणि बरं काढलं होतं. त्याच्या हातातला कापूस निळा-काळा होऊन ओला गोळा झाला होता. पाच शिष्यांत खरा एकच निघाला, आणि मला राग आला तो त्याचाच.

कार्तिकात मी बैलांच्या दमणीतून अकोल्याला गेलो आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. चार मुठी परक्यांनी हाताळलेल्या आहेत, सोवळ्याला चालणार नसतील, हेही सांगितलं.

"बापू, कापूस काय सोवळ्यात पिकते?" त्या म्हणाल्या. त्यांनी गाठोडं सोडलं, चिमूटभर ओढून पाहिला, आणि पदराने डोळे टिपून वळायला बसल्या. दोन दिवसांनी त्यांचा अंदाज झाला. कापूस पुरत नव्हता.

"बाजारातून आणतो," मी म्हणालो.

"नोको. तिच्याच कापसाच्या होऊ द्या." त्यांनी बोटातली वात अर्धी केली. "मी बारीक वळतो. लौकर इझतीन, पन लाख भरतीन." मग त्या स्वतःशीच हसल्या. "पाहा जावाईबापू, मले बी बाजाराची हवा लागली."