ऐकू आलं पाहिजे

“ऐकू आलं पाहिजे, बाबूजी. शेजाऱ्याले ऐकू नाही आला, तर तो अभ्यास कायचा?”

असं म्हणून तो उजव्या हाताचं बोट कानाच्या पाळीला लावायचा आणि मान जरा तिरपी करायचा. जणू अभ्यास कोणी दुसराच करतो आहे आणि हा फक्त तो नीट होतो की नाही ते तपासायला आला आहे.

तो आमच्या ऑफिसात शिपाई होता आणि नागपूरच्या प्रताप नगरात आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. म्हणजे दिवसा मला पाणी आणून द्यायचा आणि पहाटे मला झोपू द्यायचा नाही. फिटंफाट होती.

त्या काळी प्रताप नगरात नगर कमी आणि रान जास्त होतं. गल्ली संपली की पटांगण, पटांगणात एक कडुनिंब, आणि कडुनिंबाभोवती हा. हातातलं पुस्तक पाठीमागे धरून, डोळे अर्धे मिटून, फेऱ्या मारत पाठ म्हणायचा. त्याच्या चालण्यानं झाडाभोवती असं रिंगण पडलं होतं की गवतानं तिथं उगवायचं सोडून दिलं. त्या रिंगणात उभं राहिलं की माणूस गुडघ्यापर्यंत आत जायचा, असं मी सांगत असतो. अर्धं खरं माना. घोट्यापर्यंत तरी जायचाच.

आवाजाचं म्हणाल, तर वारा पडलेला असला की तो हुडकेश्वरापर्यंत पोचायचा. हुडकेश्वरचा माणूस मला अजून भेटलेला नाही, त्यामुळे हे विधान अद्याप खोटं ठरलेलं नाही. आमच्या गवळ्याची म्हैस मात्र मी डोळ्यांनी पाहिली आहे. पानिपत सुरू झाल्याशिवाय ती पान्हा सोडत नसे. रविवारी हा भूमिती घ्यायचा, त्या दिवशी दूध पातळ निघायचं. “भूमितीनं म्हशीचं मन उडते,” असं गवळी म्हणायचा. आम्हाला पाणी दिसत होतं, पण पुरावा नव्हता.

गल्लीतली पोरं त्याच्या आवाजावर पोसली. दात घासता घासता मोसमी वारे, आंघोळ करता करता लसावि-मसावि. माझी बायको भाकरी थापताना मधेच थांबून म्हणायची, “आज त्यानं नर्मदेच्या उपनद्या गाळल्या वाटतं.” त्याची स्वतःची धाकटी बहीण चूल फुंकता फुंकता मॅट्रिक झाली आणि शाळेत मास्तरीण लागली.

नापास व्हायचा फक्त तो.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला सगळं येतं आणि कागदावर काही उतरत नाही. आपण त्याला सरळ ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. आम्हीही झालो होतो. पण याचं प्रकरण निराळं होतं, आणि त्याची सुरुवात त्याच्या मायपासून होती.

माय कुहीकडची. धानाच्या बांधीत वाकून वाकून कंबर कायमची वाकलेली. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून ती नागपूरच्या त्या मैदानावर दीक्षा घेऊन आली, आणि आल्या आल्या लेकाला म्हणाली, “आता तू शिकाचं.” लेक तेव्हा मिशी फुटलेला, लग्न झालेला, शाळा केव्हाच सुटलेली. तिनं त्याला पुन्हा पुस्तकाला जुंपलं. आता, तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. लेक पुस्तकात बघतो आहे की पुस्तकाआडून झोपतो आहे, हे कळायचं कसं? तिनं सोपा कायदा केला. म्हणून दाखवायचं, मोठ्यानं. आवाज आला तर अभ्यास, आवाज थांबला तर आळस. ती उंबऱ्यात बसून ऐकायची. हा श्वास घ्यायला थांबला तरी तिकडून हाक यायची, “काहून गा, बंद काहून पडला?”

‘ऐकू आलं पाहिजे’ हे वाक्य मूळचं तिचं. त्यानं ते फक्त पाठ केलं होतं, बाकीच्या सगळ्यासारखं.

असा त्याचा अभ्यास सगळा तोंडात आणि पायांत साठला. हातापर्यंत काही पोचलंच नाही. आणि मॅट्रिकच्या परीक्षेत, तुम्हाला ठाऊकच आहे, बाकावर बसवतात आणि गप्प राहायला सांगतात.

पहिल्या वर्षी तो गप्प राहिला नाही. प्रश्न वाचला, डोळे अर्धे मिटले, बाकाखाली पाय हलवले आणि उत्तर पुटपुटत पुटपुटत लिहायला लागला. म्हणजे त्याच्या मते पुटपुटत. पर्यवेक्षक लांबच्या टोकाला होता. तो येऊन दटावेपर्यंत मागच्या-पुढच्या बाकांनी प्रश्नामागून प्रश्न उतरवून घेतले. त्याचा हात जिभेच्या निम्म्यानंही चालत नव्हता. निकाल लागला तेव्हा त्याची अख्खी रांग पास, मधोमध हा नापास. एक जण पेढे घेऊन घरी आला आणि पाया पडून म्हणाला, “दादा, तुमच्या तोंडून ऐकलं म्हनून झालो.”

त्यानं पेढा घेतला नाही.

“माह्या तोंडून चोरी झाली,” तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला म्हणाला. एवढंच. पण त्यानंतर परीक्षेत त्यानं ओठ असे आवळले की हवा आत जाईना. आणि ओठ मिटले की पेन मिटायचं. पुढची सगळी वर्षं तो असाच नापास झाला, एकदम इमानदारीनं. एका वर्षी एका पर्यवेक्षकाला दया आली. तो म्हणाला, “म्हण हळूहळू. मी जरा बाहेर उभा राहतो.” यानं मान हलवली. “तुमी बाहेर राहान साहेब, पन हे बाकीचे आतच राहतीन ना.”

मी त्याला एकदा विचारलं, “एवढं कशाला? शिपायाला काय कमी आहे आपल्याकडे?”

तेवढ्यात साहेबांची घंटी वाजली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो उठून दारात पोचलासुद्धा होता. परत आला तेव्हा म्हणाला, “पाह्यलं? घंटी मले कानात ऐकू येत नाही बाबूजी, गुडघ्यात ऐकू येते. मी जेवून राहिलो असन तरी उठतो. एक दिवस असा पाहिजे, का घंटी वाजली अन् मी बसून राह्यलो. बस्स. बाकी काही नाही.”

आमच्याकडे नियम असा होता की मॅट्रिक झालेल्या शिपायाला बाबूची खुर्ची मिळे, पण चाळिशीच्या आत. आणि ही गोष्ट मी सांगतो आहे त्या वर्षी त्याची चाळिशी उंबऱ्याशी येऊन चपला काढत होती. म्हणजे येत्या मार्चची परीक्षा शेवटची. नंतर घंटी आणि गुडघे, निवृत्तीपर्यंत.

ऑफिसात चहाच्या वेळी खल झाला. कोणी म्हणालं ओठांना चिकटपट्टी लाव, कोणी म्हणालं जिभेखाली खडा धर. शेवटी तोंडात पाण्याची गुळणी धरून अभ्यास करायचा, असं ठरलं. तोंड भरलेलं, म्हणजे जीभ बंद. जीभ बंद, म्हणजे हाताला नाइलाजानं शिकावं लागेल. ही युक्ती माझी, असं मी गेली कित्येक वर्षं सांगतो आहे. ऑफिसातले आणखी काही जण ती आपली असल्याचं सांगतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

दिवाळीनंतर त्यानं सुरू केलं. कडुनिंबाखाली फतकल मारून, शेजारी तांब्या, गाल फुगवलेले, मांडीवर वही. आणि प्रताप नगर एकाएकी मुकं झालं. पहिल्या दिवशी आमची गल्ली उठलीच नाही. निम्म्या लोकांना ऑफिसला उशीर झाला. म्हशीनं लाथ मारून कासंडी उलटवली. गवळ्यानं त्या दिवशी सगळंच दूध पाण्याचं आणून दिलं आणि दोष इतिहासाला दिला.

पण खरी पंचाईत उंबऱ्यात होती. मायच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू पिकला होता. तिला लेक दिसत नव्हता, वही दिसत नव्हती, फुगलेले गाल दिसत नव्हते. तिला फक्त ऐकू येत होतं, आणि ऐकू येत होतं ते काहीच नाही.

“काहून गा, बंद काहून पडला?”

याच्या तोंडात पाणी.

“अरे गा, तुलेच म्हनतो. उठला का नाही?”

यानं पाणी थुंकलं, सांगितलं, “माय, अभ्यासच करून राहिलो ना,” आणि पुन्हा घोट भरला. पुन्हा शांतता. असं तीन-चार दिवस चाललं. मग ती काठी टेकत टेकत आमच्या दारी आली. कधी आली नव्हती.

“बाबूजी, त्याले समजावा. लेकरू हारलं माहं. मले फसवून राहिलं.”

मी तिला गुळणीचं शास्त्र समजावून सांगितलं. जितकं मला येत होतं त्यापेक्षा बरंच जास्त सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मुक्यानं कोनी शिकते का?” आणि गेली. त्या दिवशी तिनं भाकर खाल्ली नाही, हे त्याच्या बायकोकडून माझ्या बायकोला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात गप्पच होता, तोंडात पाणी नसताना. संध्याकाळी फाइल ठेवताना म्हणाला, “जाऊ द्या, बाबूजी. उद्यापासून पुन्हा मोठ्यानंच म्हनतो. मले परीक्षेत नापास होता येते, मायपुढे नाही होता येत.”

माझ्याकडे युक्ती नव्हती. असती तर मी आतापर्यंत सांगितली असती, हे तुम्ही ओळखलंच असेल.

सकाळी मी आवाजाची वाट पाहत पडून होतो. आणि आला तो भलताच आवाज. कर्र. कर्र कर्र. अंगावर असा काटा आला की मी उठून बसलो. सगळी गल्ली बाहेर आली. कडुनिंबाखाली गाल फुगवून तो बसला होता आणि मांडीवर त्याच्या लेकीची दगडी पाटी. पेन्सिल दाबून, खरडून, कर्कश्श लिहीत होता. पाटी भरली की ओल्या फडक्यानं पुसायची, पुन्हा कर्र. माय उंबऱ्यातून उठून त्याच्या पाठीशी येऊन बसली होती. मान तिरपी. बोट कानाच्या पाळीला.

बराच वेळ ती ऐकत राहिली. मग आमच्या दिशेनं, अंदाजानं, म्हणाली, “हात बोलून राहिला त्याचा.”

तेव्हापासून मार्चपर्यंत प्रताप नगराचे दात शिवशिवत राहिले. पाठ म्हणणं बरं होतं, असं सगळे म्हणायचे. पेन्सिल थांबली की मायची हाक, “काहून गा?” आणि लगेच कर्र. पोरांना मात्र आता स्वतःची पुस्तकं उघडावी लागली. त्या वर्षी गल्लीत दोघांना चष्मा लागला.

परीक्षेला तो तांब्या घेऊन गेला. वर्गाबाहेर घोट भरायचा आणि आत जाऊन बसायचा. पर्यवेक्षकानं नाव विचारलं तर प्रवेशपत्र दाखवायचा. त्याच्या मागच्या बाकावरच्याला त्याची कीर्ती ठाऊक होती. त्यानं म्हणे पाठीत ढोसलं, “बोल ना गा काही.” यानं वळून दोन्ही गाल दाखवले आणि लिहायला लागला. ती अख्खी रांग नापास झाली, असं मी सांगतो. निदान मागचा तरी नक्की झाला. तो पुढं आमच्याच ऑफिसात शिपाई म्हणून आला.

जूनमध्ये निकाल पेपरात आला. बारीक बारीक आकड्यांचं ते पान त्यानं पटांगणात मांडीवर पसरलं, बोट खाली खाली नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं. मग हळूच म्हणाला, “माय, नंबर आहे.”

“म्हनून दाखव.”

त्यानं नंबर वाचला.

“ऐकू आलं पाहिजे,” माय म्हणाली.

तेव्हा तो उठला, पेपर पाठीमागे धरला, डोळे अर्धे मिटले आणि कडुनिंबाभोवती फेऱ्या मारत आपला नंबर पाठ म्हणायला लागला. जुन्या आवाजात. माणसं बाहेर आली, कोणी हसलं नाही. म्हैस हंबरली, असं मी म्हणणार होतो. पण ती त्या दिवशी गोठ्यात होती.

खुर्ची मिळाली, पण भंडाऱ्याला. माय, बायको, लेक आणि पाटी घेऊन तो गेला. पावसाळा संपेपर्यंत रिंगणात गवत आलं. पहाटे आता काही ऐकू येत नसे, आणि आम्ही सगळे अगदी वेळेवर जागे होऊन अंथरुणात पडून राहायचो.

पुढं केव्हातरी कामानिमित्त मी भंडाऱ्याच्या ऑफिसात गेलो. तो खिडकीजवळच्या टेबलाशी लिहीत बसला होता. केस पिकलेले, कोपऱ्याशी पाण्याचा भरलेला पेला. मला पाहून उठायला लागला, मी खांद्यावर हात ठेवून बसवला.

“माय?” मी विचारलं.

“गेली, बाबूजी. खुर्ची पाहून गेली. पाह्यली म्हंजे, हातानं चाचपून.”

मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात आतून घंटी वाजली. दाराशी बसलेला शिपाई उठला. आणि टेबलाखाली याचे दोन्ही गुडघे उडाले. टेबल हललं, पेल्यातलं पाणी हिंदकळलं. त्यानं शांतपणे पेला उचलला, मोठा घोट घेतला, गिळला नाही. गाल फुगवले, पेन उचललं आणि लिहायला लागला.

मी काहीतरी बोललो. त्यानं डावं बोट वर करून मला थांबायला सांगितलं.

घंटी पुन्हा वाजली. तो बसून होता.