निफाडच्या पुढे

भूलशास्त्राच्या एका जर्नलमध्ये माझं एक खोटं वाक्य छापलं गेलं होतं.

नाव मात्र मॅडमचं होतं.

त्या मॅडम आज सकाळी गेल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बी.ए. होऊन मी नाशिकच्या कॉलेज रोडवर टायपिंग करायचो. मॅडम भूलतज्ज्ञ, त्यांचे पेपर माझ्याकडे यायचे.

सुई दिल्यावर त्या पेशंटला आकडे मोजायला लावत नसत. म्हणायच्या, "नाशिकहून येवल्याची एसटी पकडलीय. स्टॉप सांगा बघू."

"चांदोरी... निफाड..."

बहुतेक जण निफाडलाच झोपायचे.

"माझ्या माहेरी कोणी पोचतच नाही बाई!" मॅडम हसायच्या.

एका केस रिपोर्टमध्ये ही गोष्ट एका ओळीत होती. जर्नलचा नियम असा, की पेपर तपासणाऱ्यांना लेखक कोण, कुठला, हे कळता कामा नये.

मॅडम सिझेरियनच्या घाईत होत्या. "नाव, गाव, सगळं काढून टाक."

मी गावं काढली.

चांदोरी गेलं, निफाड गेलं. वाक्य रिकामं दिसलं म्हणून लिहिलं, पेशंटने दहापासून उलटे आकडे मोजले.

विचारावंसं वाटलं होतं का? वाटलं होतं. विचारलं नाही.

मॅडमनी न वाचता सही केली.

अंक आल्यावर त्यांनी ते पान माझ्यासमोर ठेवलं. "हे आकडे कोणी मोजले?"

"तुम्हीच म्हणालात, गाव काढ..."

"अरे, माझं गाव! एसटीचे स्टॉप नव्हेत!"

आधी खूप हसल्या. मग संपादकांचा पत्ता शोधू लागल्या.

"एका ओळीने काय फरक पडतो मॅडम?"

"जे केलंच नाही, ते माझ्या नावावर छापलंय. बाकीचं तरी खरं कशावरून?"

संपादकांना दुरुस्तीचं पत्र गेलं. टाइप मीच केलं. त्यात मी 'टायपिस्टची चूक' असं घातलं, ते त्यांनी खोडलं.

"सही माझी आहे. भूल देते मी, आणि या वेळी केलीही मीच."

पुढच्या अंकात शेवटच्या पानावर दोन ओळी आल्या. चांदोरी, निफाडसकट.

परवा आयसीयूत भेटलो. त्यांचं बोलणं बंद झालं होतं. हात धरून स्टॉप सांगत बसलो.

चांदोरी. निफाड. विंचूर.

त्यांचं बोट हललं असं मला वाटलं. खात्री नाही, म्हणून हललं असं लिहीत नाही.

त्यापुढचं नाव घ्यायचं धाडस झालं नाही. आज घेतो.

मॅडम, येवला आलं.

सावकाश उतरा.