म्हशीच्या पाठीवरचे तीन खड्डे

चीनमधल्या आमच्या चंगहाय गावात अर्ध्या जगाची खेळणी बनतात आणि त्यातली चांगली खेळणी माझी धाकटी बहीण बीयुन बनवते. मी सातवीपर्यंत शिकलोय, तरी सांगतो, तिच्यासारखी डिझायनर सापडणार नाही. तिचा पहिला कॉम्प्युटर मीच तीन जिने खांद्यावरून चढवला होता.

आधी ती छाय मालकांच्या कारखान्यात खेळण्यातल्या बदकांना डोळे चिकटवायची. एक दिवस छाय मालकांनी सिगारेटच्या पुठ्ठ्यावर म्हैस खरडली. म्हैस म्हणजे काय, पाय फुटलेला बटाटा! म्हणाले, "हिचं कॉम्प्युटरवर मॉडेल कर. जमलं तर डिझाइनच्या खुर्चीत बस. नाही जमलं तर बदकं आहेतच."

पुठ्ठा मीच घरी नेला. आमच्याकडे माणसं कितीही असोत, चहाचे पेले तीनच. ते मी एकमेकांना चिकटवून मांडले आणि चहा ओतला.

बीयुन म्हणाली, "दादा, पाठीवर ही तीन वर्तुळं कसली?"

मी किटलीवरून मान वर न करता म्हटलं, "मालक उगाच काही काढत नाहीत. कर गुमान!"

तिने केलं. थ्री-डी प्रिंटरमधून निघालेली म्हैस मालकांनी हातात घेतली. "हे खड्डे कसले? खरूज झालीय का हिला?"

बीयुनने पुठ्ठा पुढे केला. मालकांनी तो नाकाला लावला. तीन गोल, एकमेकांना चिकटून. आमच्या गावात पेल्यांचे हे डाग शेंबडं पोरही ओळखतं.

"चहा कोणी ओतला?"

बीयुनचा चेहरा उतरला होता, पण ती माझं नाव घेईना. तिच्या डोळ्यांसमोर बदकं दिसत असणार. मग मीच छाती काढून म्हटलं, "मी. आणि मालक, चहा एक नंबर होता."

"गाढवा!"

मालकांनी म्हैस उलटी केली. पोट, पलीकडची बाजू, शेपूट, यातलं काहीच त्यांनी काढलं नव्हतं. तिने सगळं स्वतःच्या डोक्याने भरलं होतं. बारीक पायांवर म्हैस कलंडेल म्हणून शेपूट जमिनीला टेकवलं होतं. मालकांनी टेबलावर ठेवून बोटाने ढकललं. हलली, पण पडली नाही. पुन्हा ढकललं. तरी नाही.

"खड्डे बुजव," मालक म्हणाले. "आणि खिडकीजवळची खुर्ची घे."

आता नवं चित्र आलं की बीयुन आधी ते माझ्या हातातून काढून खिळ्याला अडकवते. मग म्हणते, "हं दादा, आता ओत."