गंगीची सोयरीक

बनुबाईनं पारनेरच्या पट्ट्यात इतक्या सोयरिकी जुळवल्या होत्या, की ती वेशीतून आत शिरली की उपवर पोरींच्या आया चहाचं आधण ठेवायच्या. तशी बाई तोंडाची फटकळ. पण स्थळापुढं बोलताना जिभेवर नुसता गूळ. आळशी पोर तिच्या तोंडी शांत व्हायची, भांडकुदळ पोर बोलकी व्हायची. खोड म्हणून कुणाची सांगायची नाही, हा तिचा नेम. स्वतःला मूलबाळ नव्हतं, नवराही कधीच गेलेला.

आणि बहात्तरच्या दुष्काळात तिच्यावर लेक उजवायची पाळी आली. तीही कुत्री! धनगर मेंढरं घेऊन पाण्याच्या शोधात पुढं निघून गेले आणि त्यांची पिवळी कुत्री कोरड्या विहिरीत पडून राहिली. बनुबाईनं एका गड्याला शिव्या घालघालून विहिरीत उतरवलं, कुत्री पाटीत घालून वर ओढली, पायाला हळद बांधली आणि गंगी नाव ठेवलं. धनगरांचा काही पत्ता लागला नाही.

गंगी बरी झाली आणि गावाच्या डोक्याला ताप झाला. मेंढरं नाहीत ना, मग माणसं तर आहेत! पाण्याला निघालेल्या बायका, पारावरचे म्हातारे, दिसेल त्याला गोल पळून ती एका जागी वळून आणायची. चावायची नाही, नुसती गुडघ्याला नाकानं ढकलायची. सगळे एकत्र बसल्याशिवाय भाकरीला तोंड लावायची नाही. शेवटी पोलीस पाटील तडकला.

"बनुबाई, येत्या बाजाराच्या आत हिची सोय लाव. न्हाईतर इख घालतो मी!"

बनुबाईनं राहुरीकडचा बागाईतदार आसाराम गाठला. "लई गुनाची हाय, राखणीला येकदम पक्की." खोडीचं अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी आसाराम कुत्री घेऊन दारात हजर.

"मावशे, खुरपायला आलेल्या बाया हिनं दिसभर लिंबाखाली डांबल्या की गं!"

मग पारनेरचा हॉटेलवाला मच्छिंद्र. तिथं गंगीनं यष्टीला निघालेली गिऱ्हाईकं परत बाकड्यावर आणून बसवली. मच्छिंद्राला आधी बरंच वाटलं. पण एका मामलेदाराची यष्टी चुकली आणि गंगी पुन्हा माहेरी आली.

"माझ्या हातची येक पोर कधी माघारी आली न्हाई, आन् तू दोनदा आलीस व्हय गं भवाने?" बनुबाई ओरडली, आणि तिच्या गळ्यात पडून रडली. बाजार उद्यावर आला होता.

तशीच उठून ती गंगीला घेऊन तलावाच्या दुष्काळी कामावर गेली. तिथं खडी फोडणाऱ्या बायकांची पोरं साळूबाई बाभळीखाली सांभाळायची. ओरडून ओरडून तिचा घसा बसलेला. बनुबाईनं सवयीनं "लई गुनाची..." म्हणून सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

"साळू, खरं सांगते. खोड हाय हिला. कुनाला पांगू देत न्हाई, ढकलून ढकलून येका जागी बशिवती. दोन घरांनी परत धाडली. उद्या पाटील मारनार हाय हिला."

साळूबाईचं लक्षच नव्हतं. ती बघत होती खडीच्या ढिगाकडं पळालेल्या कानिफनाथ नावाच्या पोराकडं. गंगी त्याच्या आधी तिथं पोचली होती, आणि ते द्वाड पोरगं खिदळत उलट्या पावली बाभळीखाली येत होतं.

"अगं बया, ही खोड हाय व्हय?" साळूबाई घोगऱ्या आवाजात किंचाळली. "दे हिकडं! माझ्या ताटातली अर्धी भाकर हिची!"

पुढच्या आठवड्यात बनुबाई लेकीला बघायला गेली. पोरं गोलात जेवत होती, गंगीच्या अंगावर एक बाळ पाय टाकून झोपलेलं. डोळे भरून पाहिलं आणि ती निघाली. चार पावलं गेली नाही तोच गुडघ्याला ओलं नाक लागलं. इकडून गेली, इकडून ढकललं. तिकडून गेली, तिकडून ढकललं.

"सोड की गं, घरी जायचंय मला."

"घरी कोन वाट बघतंय तुजी?" साळूबाई म्हणाली.

बनुबाई मागं फिरली. ती पोरांच्या मधोमध खाली बसली. तेव्हा कुठं गंगीनं भाकरीला तोंड लावलं.