मांजर धरायला कुणी नव्हतं

मांजर जगली, हे आधीच सांगून टाकते. एक कान सुरकुतला तिचा, पण आमच्याच घरी म्हातारी झाली. गोष्ट ताणून धरायची हौस मला कधी नव्हती, आणि आता तर बोलायचाही कंटाळा येतो. पण त्या पंधरा दिवसांत मी जेवढी दमले, तेवढी पुढं चार बाळंतपणांतही दमले नाही, म्हणून सांगायचं.

सोलापुरात आमच्या घरी हातमाग होता. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, की झालं घर. आप्पा मागावर बसून लुगडी विणायचे, आई सुताला खळ लावायची, आणि मी, दहा वर्षांची, गिरणीच्या सकाळच्या भोंग्यापासून चरख्यावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. खळ म्हणजे पिठाची पेजच. ती लावली की सूत ताठ राहतं. पण उंदरांनाही ती गोड लागते हो! वासानं यायचे आणि ताणलेलं सूत कुरतडून ठेवायचे. म्हणून आमच्या गल्लीत घर मराठी असो की तेलुगू, मागापाशी मांजर असायचीच. लाडबिड काही नव्हते. उंदीर खा आणि पडून राहा, एवढंच.

त्या साली आमच्या मांजरीचे कान बिघडले. आत काळी घाण साठली, जवळ गेलं की वास मारायचा. सारखी डोकं झटकायची आणि मागच्या पायानं कान खाजवायची. खाजवून खाजवून कानामागचे केस गेले, रक्त यायला लागलं. उंदीर समोरून गेला तरी हिचं आपलं खाजवणं चालू. दोनदा सूत कुरतडलं गेलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "आता हिचा काय उपेग? मंगळवारी बाजारला जाताना पोत्यात घालतो आन् रुळापल्याड सोडून येतो."

"औषध करू की आप्पा," मी म्हणाले.

"हितं माणसाला औषध मिळंना, आन् मांजराला?"

मी आईकडं पाहिलं. ती म्हणाली, "तू तिला हात लावू नगंस. औषधानं मेली तर पाप आपल्या माथी. सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं, ठावं हाय का? घरात सोन्याचा मणी न्हाई."

"आणि पोत्यात घालून सोडली, तिकडं मेली, तर?"

"ती तिच्या मरणानं मेली."

वा रे न्याय! मारायचं नाही, वाचवायचंही नाही, नुसतं नजरेआड करायचं. मला असा संताप आला म्हणता! आजही येतो. गुरांचा दवाखाना होता गावात, पण तिथं बैल न् घोडे. मांजर काखोटीला मारून गेले असते तर हसून हाकलून दिलं असतं.

मग मी आपलं तेच केलं, जे आमच्याकडं कान दुखला की सगळे करतात. आई मागं सूत वाळत घालत होती, तोवर लसणीच्या दोन पाकळ्या घालून तेल गरम केलं, मांजर मांडीत दाबली आणि वाटी तिच्या कानात उपडी केली. ती जी किंचाळली! सुटली ती थेट ताणलेल्या सुतातून आरपार. पाच-पन्नास दोरे तटातट तुटले. आप्पांनी उठून पाठीत धपाटा घातला. तो मला समजला, माझी चूकच होती. आईचं मात्र समजलं नाही. ती आत आली, तिला लसणीचा वास आला आणि तिचा चेहराच उतरला. माझ्या हातातली वाटी हिसकून तिनं अंगणात भिरकावली. "तेल घातलंस? कानात तेल घातलंस?" एवढंच पुन्हा पुन्हा. तुटलेल्या दोऱ्यांबद्दल अवाक्षर नाही, आणि ते सांधत संध्याकाळपर्यंत तीच बसली होती. मला वाटलं, तेल वाया गेलं म्हणून चिडली.

मंगळवारी आप्पा पोतं खांद्यावर टाकून निघाले. मी रडत मागं. घरी जा म्हणाले, मी गेले नाही. बाजाराच्या तोंडाशी वळसंगाकडची एक धनगरीण घोंगडी विकत बसली होती. पोत्यातून ओरडा ऐकून तिनं हाक मारली, "काय हाय वं पोत्यात?"

आप्पा ओशाळले. "मांजर हाय. कान सडल्यात. सोडायला निगालोय."

"बगू की."

तिनं पोत्याचं तोंड सोडलं, मांजरीला मानेच्या कातड्याला धरून वर काढलं, कान उलटा करून पाहिला. "बारीक किडं झाल्यात. आमच्या मेंढरास्नी बी हुत्यात. येवड्यासाटी जीव टाकून देता व्हय?" आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या, आणि आप्पांना कुठं तोंड लपवावं कळेना. मग ती माझ्याकडं वळली. "करंजाचं तेल घे. फडक्याचं टोक त्यात बुडवून दिसतं तेवडंच पुसायचं. आत वतायचं न्हाई, बरं का पोरी. एक दिसाआड पूस. आन् एकटीनं जमायचं न्हाई. एकानं धरायचं, एकानं पुसायचं."

"पंधरा दिस," आप्पा मला परतीच्या वाटेवर म्हणाले. "तवर बरी न्हाई झाली तर पोतं हायच."

करंजाचं तेल मिळालं, फडकं मिळालं. धरायला कुणी मिळेना. आप्पांचे हात मागावर. शेजारची तेलुगू मैत्रीण आली, पण नखं बघून पळाली. आईला विचारलं तर ती मान वर न करता म्हणाली, "मी धरायची न्हाई. सांगून ठिवते."

एकटीनं करून पाहिलं. गुडघ्यांत दाबली, परकरात गुंडाळली, दारामागं कोंडून धरली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले आणि कान जसाच्या तसा. मग तसल्याच हातांनी दिवसभर कांड्या भरायच्या. सूत खपल्यांना चिकटायचं आणि ओढलं की परत रक्त. असे पाच-सहा दिवस गेले. खरं सांगते, मला वीट आला. मांजरीचा आला, आईचा आला, माझाही आला.

त्या दुपारी मी मागच्या दारात बसून रडले. "आई, मी दमले गं. नेऊ दे तिला पोत्यात घालून. माझ्यानं नाही होत."

आईनं खळीचा कुंचा खाली ठेवला. हात धुतले, लुगड्याला पुसले. आतून एक जुनं मऊ लुगडं आणलं, मागाखालून मांजर उचलली, आणि बघता बघता अशी गुंडाळली की फक्त डोकं बाहेर. मांडीवर आडवी घेतली. एक हात हनुवटीखाली, एक कपाळावर. मांजर ओरडली, पण तिला हलता येईना.

"पूस," आई म्हणाली.

मी पुसायला लागले. फडक्यावर काळी घाण येत होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला रागच आला. म्हटलं, "तुला इतकं चांगलं धरता येतं, मग इतके दिवस का धरली नाहीस? माझे हात बघ की! एवढी पापाला भितेस?"

आई माझ्याकडं बघत नव्हती. मांजरीच्या कानाकडं बघत होती.

"तुज्या आदी एक हुता," ती म्हणाली. "सात म्हैन्यांचा. कान फुटला हुता त्येचा, सारका रडायचा. असाच मांडीवर धरला आन् लसणीचं तेल घातलं. मीच. सगळीच घालत्यात की. तिसऱ्या दिशी गेला."

मला एक भाऊ होता, हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. घरात कधी कुणी बोललं नव्हतं. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. पुढच्या खोलीत आप्पांचा माग चालूच होता.

आईनं मांजरीचं डोकं हलक्या हातानं वळवलं.

"ह्यो कान राहिला की अजून," ती म्हणाली. "पूस."